रोजच्या वापराला मिडसाइज पिकअप : जळगाव–यावल–रावेर पट्ट्यात कोणती घ्यावी, कशी लावून घ्यावी?

वाघूरकाठ
राम राम मंडळी. गरज अशी आहे : राहणं जळगावात, शेत यावल तालुक्यात. भुसावळवरून तापीचा पूल ओलांडून आठवड्यात तीन-चार फेऱ्या, बाकी दिवस शहरातलं ऑफिस, शाळा, बाजार. घरात पाच माणसं. माल म्हणजे खताच्या गोण्या, ठिबकची बंडलं, कधी मोटार-पंप, कधी केळीच्या क्रेट. भाड्याने माल वाहायचा नाही. डबल केबिन हवी, नंबर प्लेट पांढरी हवी आणि रोज चालवताना पाठ दुखू नये. टोयोटाची हायलक्स, इसुझूच्या व्ही-क्रॉस आणि हाय-लँडर, आणि महिंद्राची बोलेरो कॅम्पर एवढी नावं डोळ्यासमोर आहेत. जाणकारांनी सांगावं.

हिशेबी
नावं बाजूला ठेवा भाऊ, आधी हौदा वर्षातून किती दिवस भरणार ते मोजा. महिन्यातून एकदाच २००-२५० किलो न्यायचे असतील तर साधी एसयूव्ही घ्या आणि त्या दिवसापुरता छोटा हत्ती भाड्याने सांगा. हिशेबात तेच स्वस्त पडतं. आठवड्याला माल असेल, तोही ओला, मातकट, वास मारणारा, तरच पिकअपला अर्थ.

दुसरं, वहनक्षमतेचा आकडा नीट वाचा. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासह कमाल. दोन्हींतला फरक ही तुमची खरी क्षमता, आणि त्यात माणसंही आली. समजा फरक ५०० किलो आहे. सरासरी ७० किलोची पाच माणसं बसली की ३५० गेले. राहिले १५०, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या तीन गोण्या. चौथी चढवली की गाडी ओव्हरलोड. लाइफस्टाइल पिकअप घेणारे नेमके इथे फसतात. गाडी दिसते ट्रकसारखी, पण घरची सगळी माणसं बसल्यावर मालाला जागा उरते, वजन उरत नाही.

रावेरकर
हिशेबींच्या वजनाला जागेचं गणित जोडतो. केळीची नेहमीची प्लास्टिक क्रेट साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटरची असते, भरली की २० किलोच्या आसपास. डबल केबिनचा हौदा लांबीला दीड मीटरच्या मागेपुढे. वर रुंदीही तेवढीच मिळते, पण खाली चाकांच्या कमानी आत येतात. दोन कमानींच्या मध्ये साधारण १.१ मीटर उरतं.

आता बघा. क्रेटची लांब बाजू गाडीच्या लांबीला धरून लावली तर खालच्या थरात तीनच्या दोन रांगा, सहा क्रेट. त्याच आडव्या लावल्या, म्हणजे लांब बाजू गाडीच्या रुंदीला, तर दोनच्या चार रांगा बसतात, आठ क्रेट. वरचा थर कमानींच्या वर जातो, तिथेही आठ. एकूण १६ क्रेट, ३२० किलो. शोरूमला जाताना टेप आणि एक रिकामी क्रेट सोबत न्या. कमानींमधली जागा १०८ सेंटिमीटरला एक बोट जरी कमी असेल तर हे सगळं गणित मोडतं, आणि हे माप ब्रोशरमध्ये बहुधा सापडत नाही. मोजताना हौद्याला लायनर, म्हणजे आतलं प्लास्टिकचं अस्तर, बसवलेला असावा. लायनर दोन्ही बाजूंनी जागा खातो.

तिसरा थर लावू नका. फाळक्याच्या वर माल गेला की वळणावर गाडी झुलते, आणि खालच्या थरातली केळी दबते ती वेगळीच.

गॅरेज_धुळे
वाघूरकाठ, तुमचा खरा प्रश्न पाठदुखीचा आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

पिकअपला मागे कमानपाटे असतात. ते पूर्ण भरलेल्या हौद्याचा विचार करून बसवलेले. रोजच्या वापरात हौदा बहुतेक वेळ रिकामा, म्हणून मागची बाजू उडते. स्पीडब्रेकरवर पुढचं चाक शांतपणे उतरतं, मागचं टणकन उसळतं. यावर लोक पहिला उपाय करतात तो पाटा काढण्याचा. तो करू नका. पाटा काढला की मागची उंची बदलते, मागची बाजू बसल्याने हेडलाइटचा झोत वर जातो. ज्या गाड्यांना मागच्या ॲक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, त्यात तो व्हॉल्व्ह मागची उंची बघूनच ब्रेकचं प्रेशर ठरवतो. पाटा काढल्यावर त्याला वाटतं माल भरलाय, मग रिकाम्या गाडीतही मागच्या चाकांना जास्त ब्रेक जातो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी व्हायला एवढं पुरे.

त्याऐवजी आधी हवा बघा. दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. पंपावरचा पोरगा सरसकट चारही चाकांत ४० मारतो, आणि अर्धी पाठदुखी तिथूनच येते. रिकाम्या गाडीला मागे साधारण ३० ते ३२ पीएसआय चालतं, माल भरायच्या दिवशी ३८ ते ४२. पण शेवटचा शब्द स्टिकरचा. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. मे महिन्यात दुपारी चालून आलेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय जास्तच दिसणार. म्हणून ती सोडू नका, रात्रीतून टायर कमी हवेवर येईल.

हवेनंतर टायर. हायवे टायर शांत असतो आणि हलका चालतो. ऑल टेरेन थोडा आवाज करतो, पण शेतरस्त्यावरच्या दगडांना बाजूने फाटत नाही. मड टेरेन रोजच्या गाडीला घालू नये : डांबरावर भणभण आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमजोर. शिवाय आपल्या काळ्या मातीत त्याच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो.

एवढं करूनही उसळत असेल तर मागचे शॉकअप बदला. पाट्यांना हात लावू नका.

वाघूरकाठ
पाट्यांतून 'कुईकुई' येते म्हणतात, तिचं काय? काहीजण जळकं ऑइल मारतात.

गॅरेज_धुळे
ऑइल आणि डिझेल दोन्ही नको. रबरी बुश फुगून फाटतात, आणि ऑइलवर धूळ बसून पाट्यांमध्ये घासपेपरासारखं काम करते. पाट्यांमधली माती प्रेशरच्या पाण्याने धुऊन काढा, वाळू द्या. पाट्यांच्या टोकांमध्ये प्लास्टिकचे पॅड असतात, झिजले असतील तर बदला. आवाज शॅकलमधून (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) असेल तर बुश बघा. ग्रीस निपल असेल तिथेच ग्रीस, रबरी बुशला नाही.

खरी बघायची गोष्ट म्हणजे यू-बोल्ट. पाट्यांचा गठ्ठा ॲक्सलला यू-बोल्टने आवळलेला असतो आणि मध्ये एक सेंटर बोल्ट असतो. सेंटर बोल्टचं काम फक्त जागा धरून ठेवण्याचं, भार घेण्याचं नाही. नव्या गाडीत किंवा पाट्यांचं काम केल्यानंतर यू-बोल्ट थोडे बसतात आणि सैल होतात. मग सगळा हिसका सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. कापला की ॲक्सल एका बाजूने सरकतो. स्टिअरिंग सरळ असून गाडी तिरकी चालते, मागून येणाऱ्याला ते लगेच दिसतं. अलाइनमेंट कितीही वेळा करा, फरक पडत नाही, कारण दोष मागे असतो. म्हणून पहिल्या १००० किलोमीटरला यू-बोल्ट टॉर्क रेंचने तपासून घ्या. नंतर प्रत्येक सर्व्हिसला सांगून करून घ्या, न सांगता बहुतेक ठिकाणी होत नाही.

सातपुडा_फोरबायफोर
आता गाड्यांकडे. हायलक्स : २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क. भारतात फोर बाय फोरमध्ये येते, मागचा डिफ-लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) आहे. व्ही-क्रॉस आणि हाय-लँडर : १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर. हाय-लँडर मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल. कॅम्पर : २.५ लिटर, ७५ एचपी, २०० न्यूटन मीटर, पण वजन १ टनाच्या आसपास उचलते. म्हणजे चढत्या किमतीला उतरती वहनक्षमता. पैसे मोजता ते इंजिन, एअरबॅग, सीट आणि शांत केबिनचे.

तुमच्या फेरीला फोर बाय फोर लागतं का? जून ते सप्टेंबर शेताच्या बांधापर्यंत जायचंच असेल तर हो. फक्त मागच्या चाकांवर चालणारी रिकामी पिकअप ओल्या काळ्या मातीत सगळ्यात आधी रुतते, कारण ओढणाऱ्या चाकांवरच वजन नसतं. डांबरी रस्त्यावर गाडी लावून पुढे पायी जाणार असाल तर हाय-लँडर पुरेशी आहे, पैसे वाचतात आणि गाडी हलकीही.

फोर बाय फोर घेतली तर एक नियम घट्ट धरा. या गाड्यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर, नसतो. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावून वळलात की पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. वळताना गाडी अडकल्यासारखी हुंदडते, टायर घासतात, नंतर लिव्हर निघता निघत नाही. फोर-हाय फक्त चिखल, वाळू, सैल खडी अशा घसरत्या जागी. फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ) लावायचा तो गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-हायमध्ये चालवा, म्हणजे आतलं ऑइल फिरतं आणि ॲक्चुएटर जाम होत नाही.

तोरणमाळ किंवा चांदसैलीचा उतार रिकाम्या पिकअपने उतरताना खालचा गिअर धरा आणि ब्रेक थांबून थांबून दाबा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका, डी मध्ये सोडून ब्रेकवर बसू नका.

हिशेबी
लांबी कुणी बोललंच नाही. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही ५.३ मीटरच्या मागेपुढे. सोसायटीतली मोठ्या गाडीची पार्किंग २.५ बाय ५ मीटरची आखलेली असते, लहान गाडीची त्याहून आखूड. म्हणजे फूटभर बोनेट नाहीतर हुक बाहेर राहणारच. फुले मार्केट किंवा दाणा बाजारात एका दमात यू-टर्न विसरा. घरचं गेट आठ फुटी असेल तर आरसे उघडे ठेवून गाडी जाते, पण गल्ली अरुंद असली तर गेटसमोर वळायलाच जागा नसते. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर नको, गाडी स्वतःच्या पार्किंगपर्यंत मागवा.

आणि मागच्या सीटवर घरातल्या ज्येष्ठांना अर्धा तास बसवून बघा. पिकअपची मागची पाठ सरळ असते, कारण लगेच मागे केबिनची भिंत. कॅम्परमध्ये हे जास्त जाणवतं. मे महिन्यात ४५ अंशाला मागे एसीचा झोत येतो का, तेही दुपारी दोनला तपासा, सकाळी नाही.

अमळनेरी
गाडी भारी शे भो, पन मजूर कुठे बसवणार? हौद्यात?

कायदा_आधी
हौद्यात माणूस बसवायचा नाही, विषय संपला. अपघात झाला तर विमा कंपनी त्या माणसाची भरपाई नाकारते आणि मालकाच्या गळ्यात पडते.

बाकी कागदांचं. कोटेशनवर गाडी कोणत्या वर्गात नोंदणार ते लिहून घ्या. खासगी डिझेल गाडीला महाराष्ट्रात किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के एकरकमी कर लागतो. माल वाहतुकीच्या वर्गात गेली तर प्लेट पिवळी, करआकारणी वेगळी, विमा वेगळा आणि फिटनेसची फेरी : नव्या गाडीला दोन वर्षं, पुढे आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. कॅम्पर साधारण याच वर्गात नोंदली जाते. मालवाहू गाडीला ताशी ८० चा वेगमर्यादकही असतो, रोज हायवेने जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, एवढी एक सूट. लायसन्सची भीती मात्र काढून टाका. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं.

पांढऱ्या प्लेटवर स्वतःच्या शेताचा माल न्या, दुसऱ्याचा भाड्याने नाही. शेजाऱ्याच्या दहा क्रेट 'डिझेलपुरते पैसे' घेऊन नेल्या तरी ते भाडंच धरलं जातं.

आणि पाइप! पीव्हीसीचा पाइप २० फुटी, म्हणजे सहा मीटर. हौदा दीड मीटरचा. फाळका उघडून मागे लाल फडकं बांधून नेणारे रोज दिसतात. बॉडीच्या बाहेर माल लोंबला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१ए) खाली २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. ओव्हरलोडलाही २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. पीव्हीसी पाइप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनेच आणा. ठिबकच्या लॅटरलची बंडलं हौद्यात आरामात बसतात.

गॅरेज_धुळे
बीएस-६ डिझेल आणि आपला भाग, यावर राहिलेलं.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर : शहरात रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरली तर काजळी साठते आणि दिवा लागतो. दिवा लागला की गाडी भुसावळ हायवेला काढा, ६० च्या वर सलग १५-२० मिनिटं, आरपीएम २००० च्या आसपास राहील असा गिअर धरून. मध्येच इंजिन बंद करू नका. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमधलं (काजळी जाळण्याच्या प्रक्रियेतलं) डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वर चढते. ऑइल 'वाढलंय' म्हणून खुश होऊ नका, लगेच बदला. ऑइलही डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच. मॅन्युअलमधला ग्रेड कॅनवर जुळवून घ्या. तुमची फेरी यावलपर्यंत आहे, त्यामुळे हा त्रास कमीच व्हावा.

ज्या मॉडेलला डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी आहे, तिच्यात शेतावरचा युरिया पाण्यात विरघळवून ओतायचा विचारसुद्धा करू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, पण तो शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. खताच्या गोणीतल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. तेलाने आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी इंजेक्टर चोंदतो, पाठोपाठ कॅटॅलिस्ट जातो. वाचवलेले शंभर-दोनशे रुपये लाखाच्या घरात जातात.

एअर फिल्टर : शेतरस्ता असेल तर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या निम्म्यावर बघा. हवा आतून बाहेर मारायची, बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी रुतते. ऑक्टोबर ते जानेवारी कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळून जाणं-येणं असेल तर एसी कंडेन्सरवर रुईचे तंतू आणि धूळ मिळून गोधडी बसते. मग उन्हाळ्यात उभ्या गाडीत एसी गार होत नाही आणि लोक गॅस भरत बसतात. मार्चमध्ये कंडेन्सर आणि रेडिएटर हलक्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने पुढे असं धुऊन घ्या. प्रेशर गन जवळ धरू नका, पातळ पाती आडव्या पडतात.

नाना_शिरपूर
जुनी बघत असाल तर दोन शब्द. आपल्या भागात पिकअपने काय काय वाहिलं असेल सांगता येत नाही, वाळू हे त्यातलं पहिलं. ओली वाळू वाहिलेली गाडी ओळखायची तर हौद्याचा लायनर काढायला लावा. कडेच्या शिवणीत गंज, चेसिसच्या पोकळीत वाळू, मागच्या ॲक्सलच्या टोकाला ऑइल सुटलेलं, एका बाजूचे पाटे सपाट झालेले. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींपासून जमिनीपर्यंत टेप लावा. फरक बोटभर असेल तर पाटे बसलेत. परिवहनच्या वेबसाइटवर ई-चलन, कर्जाचा बोजा आणि काळ्या यादीतली नोंद तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. महसूलच्या कारवाईत अडकलेल्या गाडीचं नाव ट्रान्सफर लवकर होत नाही.

पिवळ्याची पांढरी करून देतो म्हणणाऱ्याला सांगा, आधी करून आण, मग पैसे.

वाघूरकाठ
खूप माहिती मिळाली. म्हणजे फोर बाय फोर व्ही-क्रॉस की हाय-लँडर, हे पावसाळ्यात बांधापर्यंत जाण्यावर ठरणार. शेत रस्त्यापासून ४०० मीटर आत आहे. हाय-लँडर घेऊन पावसाळ्यात हौद्यात वजन ठेवलं तर चालेल का? आणि रुतली तर?

सातपुडा_फोरबायफोर
वजनाने थोडी मदत होते. ८० ते १०० किलो, वाळूच्या दोन-तीन पिशव्या, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, केबिनला चिकटून नाही आणि फाळक्यापाशी तर मुळीच नाही. हुकांना रॅचेट पट्ट्याने आवळा, सुटी पिशवी अचानक ब्रेकला केबिनच्या काचेवर येते. याचा एक फायदा असा की डांबरावर उसळणंही कमी होतं. पण ते वजन वहनक्षमतेतून वजा धरा, आणि पाऊस सरला की काढून ठेवा.

४०० मीटर काळ्या मातीत मात्र भरपावसात हाय-लँडर नको. पाऊस थांबून दोन दिवस कडक ऊन पडलं, वरचा थर पायाला चिकटेनासा झाला, की जा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरू नका. चाकोरी खोल आणि ट्रॅक्टरची रुंदी वेगळी, गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं आणि चाकं हवेत फिरतात.

रुतली तर ॲक्सलरेटर सोडा, चाक जितकं फिरेल तितकं खाली जातं. मागच्या टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकामागची माती फावड्याने तिरकी काढा, तुऱ्हाट्या किंवा गोणपाट घाला आणि ज्या मार्गाने आत गेलात त्याच मार्गाने रिव्हर्समध्ये दुसऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर हळू बाहेर या. बाहेर आल्यावर डांबराला लागण्याआधी हवा भरा, त्यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत असू द्या. १८ च्या हवेवर वेगात वळलात तर टायर रिमवरून उतरतो.

ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर बंपरला किंवा ॲक्सलला नाही, चेसिसच्या टो-हुकलाच. आणि साखळी वापरणार असाल तर तिच्यावर मधोमध ओलं पोतं टाका, तुटली तर उसळून काचेत येत नाही.

वाघूरकाठ
मग फोर बाय फोर व्ही-क्रॉसच बघतो. शनिवारी टेप आणि क्रेट घेऊन जातो, कमानींमधलं माप इथे टाकतो.

रावेरकर
लायनरसकट मोजा. आणि फाळका बंद करून लांबीही मोजा, चौथी रांग तिथेच अडते.